पत्रातून मी काढून टाकलेली आब्ला

एलिफ आज गेली, आणि मी तिला खरं सांगितलंच नाही.

सकाळपासून तुमचे मेसेज येताहेत. “तुझी बहीणच होती गं ती.”

प्लीज, असं म्हणू नका. आधी हे वाचा.

२००४, अमेरिकेतलं स्टेट कॉलेज नावाचं गाव. मी पुण्याहून जर्मनमध्ये पीएचडी करायला आलेली, एलिफ तुर्कस्तानातून मातीवर रिसर्च करायला. दोघींत एक अपार्टमेंट, एक तवा, आणि कॅम्पसच्या बसची वाट बघत एकत्र कुडकुडणं.

तिला एक धाकटा भाऊ होता, एम्रे. तो चार वर्षांचा असताना आईवडिलांनी त्याला जर्मनीतल्या काकांना दत्तक देऊन टाकलं. काकांना मूल नव्हतं. एलिफ तेव्हा नऊ वर्षांची.

काकू जर्मन. पुढे भावाभावांत भांडण झालं, येणंजाणं तुटलं. मग काका वारले आणि त्या घरातली तुर्की भाषाही संपली.

त्या फॉलमध्ये एलिफला कुठून तरी एम्रेचा पत्ता मिळाला. फोन नंबर नाही, नुसता पत्ता. जाऊन यावं तर व्हिसाची भीती. तेव्हा बाहेर गेलेलं माणूस परत आत येईलच याची खात्री नसायची.

म्हणून पत्र.

ती तुर्कीत लिहायची, मला इंग्लिशमध्ये समजावून सांगायची, मी जर्मन करायचे.

तिच्या पत्रात बातम्या चार आणि हाका चाळीस. दर ओळीला एक. जानम, म्हणजे माझ्या जिवा. कुझुम, म्हणजे माझ्या कोकरा. आणि खाली स्वतःचं नाव नाहीच, फक्त “तुझी आब्ला”.

आब्ला म्हणजे आपली ताई. तिकडेही मोठ्या बहिणीला नावाने हाक मारत नाहीत.

“याचं जर्मनमध्ये काय होईल?” तिने विचारलं.

“काहीच नाही. ते लोक बहिणीला सरळ नावाने हाक मारतात. आणि कोकरू लिहिलं तर त्याला वाटेल, खाटकाच्या दुकानातून पत्र आलंय.”

ती खूप हसली. “ओके, यू आर द एक्स्पर्ट. पण आब्ला तरी राहू दे ना.”

“त्याला आता तुर्की येत नाही, एलिफ. कन्फ्यूज होईल तो. ट्रस्ट मी.”

दीडशहाणी मी. जर्मनांपेक्षा जास्त जर्मन.

सगळ्या हाका काढून टाकल्या. उरलं ते असं: मी तुझी बहीण एलिफ. अमेरिकेत शिकते. आईबाबा बरे आहेत. उत्तर लिही.

मोठी बहीण की धाकटी, हेही त्यात नव्हतं. ऑफिसची नोटीस याहून प्रेमळ असते.

माझ्या दादाचं नाव मला स्वतःला शाळेत जाईपर्यंत माहीत नव्हतं. तो नुसता दादा होता. हे मला तेव्हा आठवू नये?

सप्टेंबरात पहिलं पत्र गेलं, थँक्सगिव्हिंगला दुसरं, जानेवारीत तिसरं. तिन्ही माझ्याच सुंदर जर्मनमध्ये.

उत्तर नाही.

एलिफ रोज मेलबॉक्स उघडायची आणि पिझ्झाची कुपनं घेऊन वर यायची. एकदा बूट न काढताच दारात बसून राहिली.

“तो रागावलाय. आम्ही त्याला देऊन टाकलं ना.”

“वेळ दे त्याला,” मी म्हणाले. मी खूप समजूतदार होते तेव्हा.

मार्चमध्ये काकूंचं पत्र आलं. गिचमिड अक्षर, दोन पानं. एलिफ किचनमध्ये माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली आणि मी वाचता वाचता इंग्लिश करत गेले.

एम्रे गेला होता. रक्ताचा आजार. ऑगस्टपासून हॉस्पिटलमध्येच होता. तिन्ही पत्रं त्याला मिळाली होती.

एवढंच मी वाचून दाखवलं.

पुढचं नाही. पुढचं असं होतं:

“पत्रं वाचून तो म्हणाला, मला देऊन टाकल्यावर त्यांना मुलगी झाली, आणि तिला मात्र ठेवून घेतलं. एलिफ हे नाव आम्ही दोघांनीही कधी ऐकलेलं नव्हतं. त्याला फक्त त्याची बहीण आब्ला आठवायची, कडेवर घेऊन फिरवणारी. ती का लिहीत नाही, असं तो शेवटपर्यंत विचारत होता. कृपया एवढं कळवा, आब्ला जिवंत आहे का?”

मी पानांची घडी घातली.

एलिफ म्हणाली, “माझ्याबद्दल काही म्हणाला का तो?”

“नाही. एवढंच लिहिलंय.”

तिने पत्र हातातही घेतलं नाही. “तू ठेव. मला ते बघवणार नाही.”

ते अजून माझ्याकडे आहे. काकूंना मी कधीच उत्तर लिहिलं नाही.

तिला सहन होणार नाही म्हणून गप्प बसले, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. साफ खोटं. खरं कळतं तर ती माझ्यावर चिडली असती, कदाचित आयुष्यभर बोलली नसती, पण भावाने आपल्याला झिडकारलं हा काटा तरी निघाला असता. मी स्वतःला वाचवलं आणि तो काटा तिच्यात तसाच राहू दिला.

मागच्या महिन्यात हॉस्पिटलमधून तिचा फोन आला. आवाज अगदी बारीक झाला होता.

“तो राग धरूनच गेला गं. आता भेटला तर ओळख तरी दाखवेल का?”

वाक्य अगदी ओठांवर आलं होतं.

“आराम कर,” मी म्हणाले. “नंतर बोलू.”

एलिफ, तो रागावला नव्हता. तो तुझीच वाट बघत होता.

आणि काकू, तुम्ही विचारलं होतंत. हो, आब्ला जिवंत होती. तुमचं पत्र मी वाचत होते तेव्हा ती माझ्यासमोर बसली होती, आणि तो आपल्याबद्दल काही म्हणाला का, एवढंच विचारत होती.

श्रद्धांजली वाहायला माझे हात स्वच्छ नाहीत.

जा एलिफ. सांभाळून जा.