चकलांब्याची कासारीण

"पडले गं बाई किडे! ताटात बघ, कसे वळवळत्यात!"

गेवराईच्या आमच्या अंगणात वैदीण असं म्हणाली, तेव्हा कासारीण मावशी पाण्याच्या ताटावर तोंड धरून बसली होती. निखाऱ्यावर रिंगणीच्या काटेरी झुडपाचं बी जळत होतं आणि त्याचा धूर नळीतून तिच्या किडक्या दाढेला दिला जात होता. पाण्यावर पांढरं काहीतरी तरंगत होतं. मला ते भाजलेल्या बियांचे तुकडे वाटले. मावशीने गाल चाचपला, चूळ भरली. "गेली बया कळ. आता भाकर खाते."

ती चकलांब्याहून बाजाराच्या दिवशी यायची. बांगड्या बांधलेला दोरा तिने कधी कात्रीने कापला नाही, दातांनीच तोडला. माप ती विचारत नसे. हात हातात घेऊन बोटांचे सांधे दाबायची. "पोरी, हात भ्यालाय तुझा. ढिला सोड." मी बोलत नाही म्हणून आई कुरकुरली, की मावशी म्हणायची, "इंग्रजी साळंतली हाय ती. शब्द पुरवून वापरती!"

बांगडी चढताना कुणी कळवळलं, की तिचं एकच उत्तर असे. "चढताना कळ येती. चढल्यावर कुणाला याद हाय?" दाढेचंही तसंच झालं; कळ थांबली, तशी ती दाढ विसरली.

मला मात्र वेगळं ठाऊक होतं. हैदराबादेला शाळेत असताना माझी दाढ अशीच ठणकली आणि एका रात्रीत गप्प झाली. तिथल्या दातांच्या डॉक्टरांनी ती उपटली नाही. वरून भोक पाडलं, आतली मेलेली शीर बारीक तारेने खरवडून काढली, औषध भरलं आणि पुन्हा यायला बजावलं. म्हणाले, शीर मेली की दुखायचं थांबतं, पण आतलं सडणं थांबत नाही. हे मी आईच्या कानात सांगितलं. आई म्हणाली, "बाई हसतेय ना? हसू दे तिला."

पुढच्या बाजाराला मावशी आली ती बैलगाडीत आडवी होऊन. जबडा गळ्यापर्यंत सुजलेला, तोंड उघडेना, अंगात ताप. बीडच्या दवाखान्याकडे जाताना गाडी आमच्या दारात पाण्यासाठी थांबली. मी जवळ गेले. तिने माझा हात घेतला आणि सवयीने सांधे दाबले. बोटांत जोर नव्हता.

दवाखान्यात दाढ काढली. पू निघाला. पण सूज श्वासनळीपर्यंत उतरली होती. दुसऱ्या दिवशी ती गेली.

आम्ही चकलांब्याला भेटायला गेलो, तेव्हा ओसरीवर पुरुष बसले होते. तिचा दीर सगळ्यांना सांगत होता, "चांगली हसत-खेळत व्हती. कळ बी राहिली व्हती. डाक्टरनं दाढ उपटली अन् वहिनी मेली. कशाला नेलं आमी?" माना हलल्या. दाराआड तिची मुलगी सखू बसली होती. तिचा डावा गाल फुगला होता. तिला बीडला न्यावं, असं आई हळूच म्हणाली, तशी सखू भिंतीला चिकटली. "मला न्हाई जायाचं. मायला मारलं तिथं."

दीर म्हणाला, "न्हाई नेत, पोरी. रडू नको."

एवढ्या पुरुषांपुढे मी कधी तोंड उघडलं नव्हतं. उंबऱ्यात उभी राहिले. आवाज माझा मलाच परका वाटला.

"दाढ काढली म्हणून मावशी गेली नाही. उशिरा काढली म्हणून गेली. कळ थांबली त्याच दिवशी न्यायला हवं होतं तिला. सखूला आमच्या गाडीत बसवा, काका. आत्ता."