ओव्हनमधली चिवळ

शीलाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी वर्ध्याच्या बाजारात चिवळ घेत होते. चिवळ म्हणजे जमिनीला चिकटून वाढणारी, बारीक पण जाडसर पानांची, किंचित आंबट भाजी. आमच्याकडे उन्हाळ्यात मिळते. फोन अमेरिकेहून होता, तिच्या मुलीचा, नेहाचा. "मावशी, आई गेली," एवढंच ती म्हणाली. भाजीवाली समोरून विचारत होती, "घेता का ताई, कवळी हाय." मी घेतली, घरी आणली, आणि ती पिशवीतच सुकून गेली. आता दीड महिना झाला. तिच्याबद्दल चार शब्द लिहावेत म्हणून रोज बसते, आणि रोज एकाच दिवसापाशी येऊन अडते. तेव्हा त्या दिवसाचंच लिहिते.

आमची ओळख न्यू जर्सीतली. मी पुलगावची, नवऱ्याच्या नोकरीमागे तिकडे गेलेली. ती समुद्रपूरजवळच्या खेड्यातली, सेवाग्रामला नर्सिंग शिकून तिकडच्या एका दवाखान्यात लागलेली, माझ्याहून चार वर्षांनी मोठी. तिथल्या भारतीय किराणा दुकानात गोठलेल्या भेंडीचं पाकीट हातात घेऊन एक बाई स्वतःशीच बोलत होती, "हे भेंडी हाय का दगड, माय!" मी गर्रकन वळले. "तुम्ही वर्ध्याकडच्या का वं?" आठ महिन्यांत माझ्या तोंडून पहिल्यांदाच तो 'वं' निघाला, आणि मला रडूच फुटलं. ती मात्र हसली. "रडून काय होते? चाल, तुले खरी भाजी दाखोतो," म्हणाली आणि मला थेट तिच्या इमारतीमागच्या पार्किंगमध्ये घेऊन गेली. फरशीच्या भेगाभेगांतून चिवळीसारखंच काहीतरी पसरलं होतं. पानं जरा मोठी, देठ लालसर. "चिवळीची मोठी बहीण हाय," ती म्हणाली. "या लोकायले माहीतच नाई. उपटून फेकतेत!"

हे सगळं ती आईकडून शिकली होती. तिची आई दुसऱ्यांच्या वावरात निंदायला जायची आणि येताना ओटीत चिवळ, तरोटा, जे मिळेल ते घेऊन यायची. घरात बहुतेक दिवस तीच भाजी. शीलाताईनं मला शिकवलं, की देठ मोडून पाहायचा, पांढरा चीक निघाला तर ते दुसरंच झाड, हात लावायचा नाही. तिकडे तणनाशक फवारलेल्या गवतावर छोटी पिवळी झेंडी खोचून ठेवतात. त्या बाजूला ती फिरकायचीही नाही. दवाखान्यातून सुटली की पांढऱ्या बुटांनिशी पार्किंगमध्ये उकिडवी बसलेली ही बाई येणाऱ्याजाणाऱ्यांना वेडी वाटत असणार. तिला त्याचं काही नव्हतं. घरी आली की लसणाची झणझणीत फोडणी, भाजी परतायची, वरून बेसन भुरभुरायचं. मी मधेच झाकण ठेवायला गेले की हातावर चापट बसायची. "झाकू नोको. पाणी सुटते. इतकी वर्सं पुलगावात काय केलं तू?" खरं सांगते, त्या परक्या गावात मी तगले ती तिच्या स्वयंपाकघरात.

आणि तरी मी हे केलं. नवऱ्याच्या ऑफिसातली मंडळी जेवायला होती, सगळी पुण्या-मुंबईची, बोलण्यात आणि वागण्यात चकचकीत. मी चार दिवस आधीपासून पनीर, बिर्याणी, श्रीखंड असा घाट घातला होता. शीलाताई लहानग्या नेहाला घेऊन आली, ती दोन्ही हातांत पातेलं धरून. दोन तास वेचून, निवडून केलेली चिवळ. "सगळ्यायले वाढजो, गरम हाय तवर." मी 'हो हो' म्हणत पातेलं आत नेलं. बाहेर कुणीतरी विचारेल, ही कसली भाजी, कुठून आणली... आणि शीलाताई सांगेल, पार्किंगमधून. ती अगदी आनंदानं, सगळं सांगेल. आईच्या निंदणासकट. तिकडे आम्ही सगळेच कढया-तवे न वापरलेल्या ओव्हनमध्ये कोंबून ठेवायचो. मी ते पातेलंही त्यातच ढकललं आणि दार लावून टाकलं. रात्रपाळी असल्यानं शीलाताई पानं मांडण्याआधीच नेहाला घेऊन निघून गेली. लाज भाजीची होती की तिची, हे मी तेव्हा स्वतःला विचारलं नाही. आता विचारते, आणि जे उत्तर येतं त्यानं मान खाली जाते.

दुसऱ्या दिवशी भाजी आंबली होती. मी ती कचऱ्यात टाकली, पातेलं घासलं, रिकामं भांडं परत देऊ नये म्हणून त्यात चार बेसनाचे लाडू घातले आणि नेऊन दिलं. "जमली होती का वं?" तिनं विचारलं. "बोटं चाटली सगळ्यांनी," मी म्हणाले. तिनं पातेलं घेऊन ओट्यावर ठेवलं. मग म्हणाली, "बरं झालं." आणि चहा टाकला. पुढे आम्ही इकडे परत आलो, ती तिकडेच राहिली. दर रविवारी फोन व्हायचा. बोलू बोलू म्हणत मी ते कधीच बोलले नाही.

गेल्या आठवड्यात नेहा आली. आईच्या पुण्यानुमोदनाच्या विधीसाठी समुद्रपूरच्या गावी गेली होती, तिथून माझ्याकडे. जन्म अमेरिकेतला, पण मराठी बोलते ती थेट आईची. मी चिवळ केली होती. ताट पुढे ओढत ती हसून म्हणाली, "मावशी, आज ओव्हनमधी नाई लपवली?" माझा हात वाढता वाढता थांबला. "मीच पाहिली होती ना तेव्हा. खेळता खेळता ओव्हन उघडला. आईले जाऊन सांगतलं. आई आली, पाहून गेली. मी म्हटलं, काऊन लपवली? तं आई म्हणे, मावशीले लय आवडते, लोकायले द्यावं नाई वाटलं तिले. मंग आई दरवेळी तुमचा येगळा डबा नाई का करे?"

करायची. त्यानंतर दर उन्हाळ्यात एक वेगळा छोटा डबा, माझ्या एकटीचा. मी तो ओट्याशी उभी राहून खायचे, आणि मला वाटायचं, हिला काही ठाऊकच नाही...

"हो ना गं," मी नेहाला म्हणाले. "फार आवडायची मला." आवडायची, हे खोटं नाही. पण त्या दिवसापुरतं मी दुसऱ्यांदा खोटं बोलले, या वेळी तिच्या लेकीशी. ती पोट भरून जेवली, पाया पडली आणि गेली.

शीलाताई, चुकलं माझं. तू होतीस तोवर म्हणायला हवं होतं. नेहाला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. हा लेख छापून आला की रविवारी मी तिला फोन करणार आहे आणि पहिल्या ओळीपासून वाचून दाखवणार आहे, इथपर्यंत.