नालीचं पाणी कोणी वळवलं?

आमी दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे मुळे धुणं. बाजार अमरावतीचा. सगुणा, माही बायको, नदीत उभी होती अन् मी काठावर जुड्या बांधत होतो. मधातच तिनं मुळा नाकाशी नेला.

"अजी, इथं नोका धुऊ. नालीचा वास मारते."

"मुळा हाये तो. अत्तराचा वास येईन काय?"

हसली... पण पाटी उचलून वरच्या धारेले गेली. त्याच हप्त्यात तापानं गेली.

मी दुसरी शिकलेला माळी. मसणाच्या कडेले वांगे लावले अन् विकले, भूतबीत कधी मानलं नाही. तवा हे वाचून कोणी मले मांत्रिकाचा पत्ता धाडू नये.

आमचं गाव तिवस्याच्या अलीकडं, सडकेखाली. गावाची नाली माह्या मळ्याच्या धुऱ्यानं, बांधाच्या कडेनं येऊन नदीत धबधब पडे. तिच्याखाली खालच्या वाड्यातल्या बाया वाळूत झिरा उकरून प्यायचं पाणी भरत. गावच्या विहिरीवर त्यायले कोणी येऊ देत नव्हतं. झिऱ्याचं पाणी काळं पडलं, लेकरं हगवणीनं दगावू लागली. सगुणाचं एकच म्हणणं होतं — नाली आपल्या खालच्या पट्टीत सोडा, केळी-कर्दळ लावा, माती पिऊन घेईन, उरलं ते नदीत जाईन. मी म्हणो, मंग आपली भाजी कोण घेईन?

तेरवी झाली. उद्या पाटलाची माणसं येऊन नाली आणखी खोल करणार, सरळ नदीत उतरवणार, असं ठरलं होतं. त्या दुपारी मी मोट हाकत होतो. पहिले वाफा भरला की तिकडून सगुणा ओरडे, अन् मी बैल थांबवो. आता हाकायचं बी मीच अन् पाणी वळवायचं बी मीच.

"पुरे जी..."

तोच आवाज. मी कासरा ओढला नव्हता — बैल आपोआप थांबले.

मंग ध्यानात आलं, नालीची धबधबही बंद हाये.

जाऊन पाहतो त नदीकडचं तोंड बुजवलेलं, अन् सारं पाणी खालच्या पट्टीत, माह्या वांग्यांत. बांधावर हरळीचं ढेकूळ — गवत खाली, मुळ्या वर. आमच्याकडं सारे गवत वर ठेवतात. उलटं फक्त सगुणा लावे, तिच्या अकोल्याकडच्या माहेरची रीत. माती अजून ओली होती. पट्टीच्या खालच्या टोकाले, लव्हाळ्यातून पाणी थेंब थेंब नदीत उतरत होतं. बोटावर घेऊन हुंगलं. नुसता मातीचा वास.

झिऱ्यावर खालच्या वाड्यातली मंजुळा पाणी भरत होती. तिले विचारलं.

"आमी काहून हात लावू बाप्पा तुमच्या मळ्याले? मार खाऊ का?" मंग हळूच म्हणे, "पण केलं त्यानं बरं केलं."

शाळेचे मास्तर म्हणतात, दुःखाच्या भरात तूच केलं अन् विसरला. असंन. पण तसं उलटं ढेकूळ मले जमत नाही, लावून पाहिलं, वाहून जाते. त्या पट्टीत आता कर्दळ डोक्याएवढी हाये अन् झिरा निवळ. बाकी मले काही सांगता येत नाही.

त्या दुपारनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी पाटलाची माणसं कुदळी घेऊन आली.

"बुढ्या, नाली कोणं फोडली?"

"नाही मालूम. पण आता इथूनच जाईन."

"अन् तुही भाजी कोण खाईन?"

"नोका खाऊ."

मी पट्टीत उतरलो अन् फळावर आलेली वांगी मुळासकट उपटू लागलो, केळीच्या खड्ड्यांसाठी.