तोंडपाठ धडा

“मॅडम, शाळा बदलू नका म्हणून तुम्हीच लिहून दिलतं न्हवं?”

सानिकाच्या आईने माझाच दोन वर्षांपूर्वीचा रिपोर्ट टेबलावर ठेवला. खाली माझी सही होती.

मी स्पेशल एज्युकेटर आहे. शिकताना अडणाऱ्या मुलांची चाचणी घ्यायची आणि त्यांना कसं शिकवायचं ते पालकांना, शिक्षकांना सांगायचं, हे माझं काम. बेळगावात बावीस वर्षं करतेय. सानिका चौथीत होती. गाव बेळगावजवळच्या मच्छेच्या पुढे, वडील तिथल्याच इंडस्ट्रियल एरियात कामाला. रोज सकाळी तिच्या पोटात दुखायचं आणि रविवारी दुखायचं नाही. आईला तिला इंग्लिश मीडियमला घालायचं होतं. आजोबांना, म्हणजे आप्पांना, ती गावातल्या मराठी शाळेतच हवी होती. त्या शाळेच्या भिंतीसाठी आप्पांनी स्वतः दगड वाहिले होते.

दुसरीत असताना ती आली, तेव्हा तिने मला आप्पांनी आणलेल्या पुस्तकातून मराठीचा अख्खा धडा न अडखळता वाचून दाखवला होता. लिहिण्यात मात्र चुकाच चुका. मी निदान केलं ते आमच्याकडे सगळेच करतात तेच. घरी मराठी, शाळेत कन्नडही, दोन लिप्यांचा गोंधळ आहे, होईल सवय, शाळा बदलू नका. सीमाभागात मूल कुठेही अडलं की आम्ही आधी भाषेवर खापर फोडतो. तो रिपोर्ट लिहायला मला दहा मिनिटंही लागली नव्हती.

या वेळीही सोबत आलेल्या आप्पांनी पिशवीतून तिचं पुस्तक काढून दिलं. सानिका वाचू लागली. आवाज स्वच्छ, गती चांगली. मी आईशी बोलता बोलता बघत होते. पोरीने चुकून दोन पानं एकदम उलटली. समोर विहिरीचं चित्र आलं आणि तिच्या तोंडी मात्र आधीचा आठवडी बाजाराचा धडा चालूच राहिला. एक शब्दही गळला नाही.

मी पुस्तक मिटलं आणि कागदावर अर्थ नसलेले चार शब्द लिहिले. मकु, टिपल, असले. ते पाठ असायची सोयच नसते, अक्षरं जुळवूनच वाचावे लागतात. सानिकाने कागद माझ्याकडे परत सरकवला. मग म्हणाली, “माझ्या पोटात दुखायलंय.”

आप्पा खिडकीकडे बघत होते. “मीच पाठ करून घेत हुतो,” ते म्हणाले. “पयलीपासनं. मी म्हणायचं, तिनं ऐकायचं. दोनदा ऐकलं की झालं तिचं.”

“तिला वाचता येत नाही हे तुम्हाला माहीत होतं?” मी विचारलं.

“व्हय.”

“आणि सांगितलं न्हाय?” आईने विचारलं.

“सांगितलं असतं तर तू दुसऱ्या दिवशी नेली असतीस तिला. शाळेचा पट आधीच कमी. आणखी पोरं गेली की एक मास्तर काढतील, मग कुलूपच की.”

मला त्यांचा राग आला. पण त्यांनी घरात लपवलं होतं, मी सहीशिक्क्यानिशी लपवलं होतं. ते मी तिथेच सांगितलं. चूक माझी आहे, तिची दोन वर्षं गेली. आई रडली, मलाही रडू आवरेना.

पुढच्या चाचण्यांत डिस्लेक्सिया निघाला. बुद्धी चांगली, ऐकलेलं सगळं समजतं, पण अक्षर आणि त्याचा आवाज यांची जोडी डोक्यात पटकन बसत नाही. कारण मीडियम नव्हतं.

मग मी, आई आणि आप्पा तीन शाळांत गेलो. सगळीकडे मी एकच प्रश्न विचारला. वाचता न येणारं मूल तुमच्या वर्गात काय करतं?

शहरातली मोठी इंग्लिश शाळा म्हणाली, “आमच्याकडे असं मूलच नाही.”

गावातले हेडमास्तर म्हणाले, “मागं बसवतो. कोण कायपण बोलत न्हाय तिला. आप्पा, तुमीच पोरगी काढून नेली तर बाकीच्यांना मी काय सांगू?”

वाटेवरच्या पिरनवाडीच्या मराठी शाळेतल्या बाई म्हणाल्या, “दोघं आहेत माझ्या वर्गात. धडा वाचून दाखवते, उत्तर तोंडी घेते. वाचायला वेगळं बसवते. रोज जमतंच असं नाही.”

बाहेर आल्यावर आईने इंग्लिशचं नाव काढलं नाही. आप्पा गाडीजवळ थांबले. “हितं घाला,” एवढंच म्हणाले. दाखला आणायला ते स्वतः गावच्या शाळेत गेले. दुसऱ्या कुणाला जाऊ दिलं नाही.

सानिका आता पाचवीत आहे. सावकाश वाचते, चुकते, परत वाचते. आप्पा अजूनही तिच्यासाठी धडे म्हणतात, पण मोबाईलवर रेकॉर्ड करून. परवा त्यांनी मला ऐकवलं. मध्येच तिचा आवाज होता, “आप्पा, हळू म्हणा की, मला अक्षरावर बोट ठेवायचंय.” गावच्या शाळेतले एक मास्तर यंदा पट घटला म्हणून कमी केले. तेही त्यांनीच सांगितलं.

चाचणीला आता पुस्तक माझं असतं. आणि मूल फारच सफाईने वाचू लागलं, की मी मधलंच पान उघडून देते.