मिस्त्रींची चावी

"गप बसा, ताई. येतंय."

एवढं म्हणून आमच्या पाणीखात्याचे लाईनमन मिस्त्री चावीच्या दांड्याला कान लावायचे. तुम्ही आमच्या शहरात राहिला असाल तर ही चावी पाहिली असेल. छातीएवढा उंच लोखंडी दांडा, वर आडवी मूठ, खाली चौकोनी तोंड. रस्त्यातल्या चेंबरमध्ये ती उभी करून फिरवली की खालचा व्हॉल्व्ह उघडतो आणि गल्लीला पाणी सुटतं. नळाला पोचायला त्याला वेळ लागतो, पण ते निघालेलं दांड्याला कान लावणाऱ्याला आधी कळतं. भर रस्त्यात, रिक्षांच्या हॉर्नमध्ये डोळे मिटून उभा असलेला हा माणूस पाहून नवखे लोक थांबायचे. जुने लोक मात्र त्यांचं तोंड बघून घराकडे पळायचे आणि नळाखाली हंडे लावायचे.

मी पाणीखात्यात कनिष्ठ अभियंता म्हणून लागले, तेव्हा पहिल्याच दिवशी नळांचा नकाशा मागितला. कारकुनाने खिडकीबाहेर बोट दाखवलं. बाहेर मिस्त्री बिडी ओढत उभे होते. कार्यालयात सगळे मला मॅडम म्हणत, हे एकटे ताई म्हणत, आणि तेही मोठ्या भावाने म्हणावं तसं, जरा दटावूनच. माझ्या पदवीचा रुबाब त्यांनी आठवड्यात उतरवला. मी गणित मांडून एक व्हॉल्व्ह पूर्ण उघडायला सांगितला. ते म्हणाले, "साडेनऊ फेरे. दहावा दिला की उस्मानपुऱ्यात ओरड." मी हट्टाने दहावा द्यायला लावला. तासाभरात उस्मानपुऱ्यातून इतके फोन आले, की माझा कान दुखायला लागला. मिस्त्री समोर बसून चहा पीत होते. हसले नाहीत, हेच जास्त लागलं.

फेरे मोजताना ते गप्पा मारत. पिशोरला, सासुरवाडीत, मेहुणीच्या लग्नात वरमाय कशी रुसली, हे रंगवून सांगत असत आणि हात फिरत असे. वरमायेचा रुसवा निघायच्या आत हात थांबायचा. बरोबर साडेनऊला. मी मनात मोजून पाहायची. एकदाही चुकलेले नाहीत.

दुसऱ्या वर्षी त्यांना झटके यायला लागले. डोक्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, मग सहा आठवडे मशीनचा शेक, म्हणजे रेडिएशन. चार महिन्यांनी कामावर आले ते डोक्याला रुमाल बांधून. उजव्या कानाच्या वर तळहाताएवढ्या जागेत केस आलेच नाहीत. रुमाल उचलून दाखवत म्हणाले, "पीक गेलं तर सरकार पंचनामा करतंय. ह्याचा कोण करील, ताई?" गाठ गेली होती, माणूस उभा होता, हात पुन्हा साडेनऊला थांबत होता. आम्ही पेढे खाल्ले आणि विषय संपला असं समजलो.

तो संपला नव्हता. पण कधी सुरू झाला तेही मला सांगता येणार नाही. मधे सात-आठ वर्षं गेली. शहर बायपास ओलांडून पलीकडे पसरलं, माळावर वसाहती उभ्या राहिल्या, आणि मिस्त्री हळू झाले. प्रश्न विचारला तर उत्तर इतक्या उशिरा यायचं, की तोवर मी दुसरा विचारलेला असायचा. फेरे मोजताना कुणी नमस्कार केला तर चिडायचे. गप्पा बंद झाल्या. मी तापट आहे, घरचेही सांगतील. एकदा चारचौघांत त्यांना म्हणाले, "मिस्त्री, झोपलात का?" आज ते आठवलं की माझीच मला लाज वाटते.

मग तो दुष्काळ आला. धरण तळाला गेलं, गल्लीला आठव्या दिवशी पाणी द्यायचं ठरलं. पाळीचा दिवस म्हणजे सण. लोक रजा काढत, पाहुण्यांना येऊ नका म्हणून कळवत. त्याच उन्हाळ्याच्या तोंडी बायपासपलीकडचा लाईनमन निवृत्त झाला आणि तो भाग मिस्त्रींकडे आला. तिथल्या नव्या वसाहतीचा चेंबर मी त्यांना स्वतः दोनदा दाखवला. दुसऱ्या वेळी त्यांनी माझ्यादेखत झाकणाला पिवळा रंग दिला. "आता आंधळ्यालाबी दिसंल," म्हणाले.

नव्या वसाहतीची एक पाळी चुकली. लोकांनी दम धरला. दुसरीही चुकली. सोळा दिवस नळ कोरडे. सतराव्या दिवशी सकाळी शंभरेक बायका रिकामे हंडे घेऊन कार्यालयात शिरल्या. पुढे एक शाळेतल्या बाई होत्या. ओरडत नव्हत्या, त्यामुळे जास्त भीती वाटत होती. "जुन्या गल्ल्यांना वेळेवर पाणी आणि आम्हालाच नाही, हे कसं?" त्यांनी विचारलं. "तुमच्या लाईनमनला टँकरवाले पोसतात. लेकरं आजारी पडायला लागलीत. पुढची पाळी चुकली तर आम्ही त्याला रस्त्यावर गाठू."

साहेबांनी मिस्त्रींना नोटीस दिली. तीन दिवसांत खुलासा, नाहीतर बडतर्फी. बडतर्फी म्हणजे चौतीस वर्षांच्या नोकरीनंतर पेन्शनही गेलं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर फेरीला निघाले. जुन्या भागात त्यांनी एकामागून एक अकरा व्हॉल्व्ह फिरवले. सात फेरे, साडेनऊ, सव्वापाच. कुठे अडखळले नाहीत. मला वाटलं, शाळेतल्या बाईंचंच खरं असावं. मग आम्ही बायपास ओलांडला. वसाहतीच्या तोंडाशी पिवळं झाकण उन्हात चमकत होतं. मिस्त्री त्याच्यावरून चालत पुढे गेले.

"मिस्त्री, हा व्हॉल्व्ह?"

ते मागे आले. झाकणाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "हा कुठला? आन् पिवळा कुणी केला ह्याला?"

चेष्टा करतात का, म्हणून मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. चेष्टा नव्हती. माझ्या तोंडावरून त्यांनाही काहीतरी कळलं असावं, कारण ते एकदम भडकले. "मला शिकवू नका! ह्या गावचं पाणी मी तुमच्या जन्माआधीपासून..." वाक्य तिथंच तुटलं. पुढचा शब्द शोधत उभे राहिले, आणि तो सापडेना तेव्हा झाकणाच्या कडेला बसले. मी चावी उचलली आणि तो व्हॉल्व्ह स्वतः उघडला. माझे फेरे चुकले असणार, पण वसाहतीत पाणी गेलं.

तिथून त्यांना रिक्षात घालून, वाटेत घरून त्यांच्या बायकोला घेऊन, मी थेट दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पुन्हा फोटो काढले. गाठ नव्हती. "बघा!" मिस्त्री मला म्हणाले. मग डॉक्टरांनी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली. "गाठ मारायला शेक दिला, त्याने तुमचा जीव वाचला. पण आजूबाजूच्या चांगल्या भागालाही तो थोडा लागतो, आणि त्याचा परिणाम कधी कधी वर्षांनी दिसतो. जुनं पाठ असलेलं राहतं. नवं डोक्यात टिकत नाही, लक्ष चटकन तुटतं, विचार हळू होतो. हा वेडेपणा नाही आणि तुमची चूकही नाही."

मिस्त्रींनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "पुन्हा पहिल्यासारखं व्हईल?"

डॉक्टर म्हणाले, "सांभाळून घेता येईल. पहिल्यासारखं नाही."

बाहेर आल्यावर त्यांची बायको मला भिंतीशी घेऊन बोलली. "ताई, मला ठावं व्हतं. माझ्या भनीच्या लग्नातल्या पंगती अजून सांगतेत, पण दुपारी जेवले का, आठवत नाय. दोनदा जेवतेत कधी कधी. मी वाढते, काय बोलू?" तिने डॉक्टरांचं पत्र माझ्या हातात दिलं. "साहेबाला दाखवू नका म्हणतेत ते. मी दाखवाबी म्हणत नाय, नकाबी म्हणत नाय. तुमच्यापाशी असू द्या."

रिक्षात मिस्त्रींनी आजाराबद्दल कुठे बोलायचं नाही, असं वचन माझ्याकडे मागितलं. मी म्हणाले, "मग साहेबांना काय सांगणार?"

"टँकरवाल्याचे पैसे खाल्ले म्हणणार."

"खाल्ले का?"

"नाय. पण चोर म्हणू द्या की. तसली लई माणसं सहा महिने घरी बसून पुन्हा कामावर आल्याली पाहिलीत मी. चोराच्या हाती चावी परत देतेत, ताई. येड्याच्या हाती कोण देतंय?"

आमचं खातंच काय, सगळी दुनिया ते ओळखून होते. मी घाबरून म्हणाले, "नाही सांगणार."

तिसऱ्या दिवशी साहेबांच्या केबिनमध्ये आम्ही चौघं होतो. साहेब, शाळेतल्या बाई, मिस्त्री आणि मी. मिस्त्री इस्त्रीचा सदरा घालून आले होते. हात मागे बांधून उभे राहिले आणि पाठ केल्यासारखं म्हणाले, "साहेब, चूक माझीच हाय. मी पैसे खाल्ले."

शाळेतल्या बाईंनी सुस्कारा सोडला. त्यांना हवं ते मिळालं होतं. साहेबांनी पेनचं टोपण काढलं. माझ्या पर्समध्ये ते पत्र होतं. गप्प बसले तर वचन राहणार होतं, पण हा माणूस चोर ठरून बायकोसकट रस्त्यावर येणार होता. आणि त्यांच्या हिशेबाप्रमाणे चावी परत मिळालीच, तर पिवळ्या झाकणावरून ते पुन्हा चालत जाणार होते, आणि बायका त्यांना गाठणार होत्या.

मी पत्र टेबलावर ठेवलं. "खोटं बोलतायत, साहेब. हे वाचा."

साहेब वाचत असताना मिस्त्री माझ्याकडे बघत होते. रागाने नव्हे. नळाला पाणी यायला हवं आणि येत नाही, तेव्हा माणूस नळाकडे बघतो ना, तसं. शाळेतल्या बाईंनी पत्र हातात घेतलं, दोनदा वाचलं आणि मिस्त्रींना म्हणाल्या, "दादा, बसा ना." त्या 'दादा'ने ते जास्त खचले.

नोकरी वाचली, पेन्शन वाचलं. चावी गेली. तक्रारींच्या टेबलाशी त्यांना बैठं काम मिळालं. चावी सोडण्याआधी आठवडाभर ते पुढे आणि मी वही घेऊन मागे, असं जुनं शहर आम्ही पालथं घातलं. सगळे फेरे त्यांच्या तोंडून लिहून घेतले. एकही चुकला नाही. कार्यालयात नकाशा पहिल्यांदा झाला तो असा.

त्यानंतर साधारण महिन्याने एका सकाळी ते माझ्या टेबलाशी आले. "ताई, एक काम व्हतं. माझी चावी कुणाच्या सांगण्यावरून काढली, तेवढं बघा की."

मला वाटलं, टोमणा आहे. पण डोळे स्वच्छ होते. केबिनमधली ती सकाळ त्यांच्याजवळ राहिलीच नव्हती. मी चहा मागवला आणि सांगितलं, "मिस्त्री, मीच सांगितलं. तुम्ही नको म्हणाला होता, तरी सांगितलं." चहाचा कप त्यांनी तसाच ठेवला, उठले आणि गेले. दिवसभर माझ्या दिशेला मान वळवली नाही. त्या रात्री मला जेवण गेलं नाही, पण निदान खरं बोलले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पुन्हा टेबलाशी. "ताई, माझी चावी कुणी काढली, तेवढं बघा की."

रोज सकाळी एका माणसाचं मन मोडायचं धैर्य माझ्यात नव्हतं. मी म्हणाले, "बघते, मिस्त्री." ते समाधानाने आपल्या जागेवर गेले. दुसऱ्या दिवशीही तसंच. ते निवृत्त होईपर्यंत तीन वर्षं, सुट्टीचे दिवस सोडून, रोज सकाळी मी "बघते" म्हणत राहिले. शेवटी शेवटी तर फाईलमधून मान वर न करताही म्हणत असे.

निवृत्तीनंतर ते बायकोबरोबर पिशोरला गेले. दीड वर्षाने तिचा फोन आला. झोपेतच गेले, म्हणाली. दिवसही झाले होते.

"एक इचारायचं व्हतं, ताई," ती म्हणाली. "रोज सकाळी अंघोळ करून, चपला घालून ओट्यावर बसायचे. कुठं निघालात म्हणलं की म्हणायचे, ताईनं बघते म्हणलंय, चावी घेऊन येतील. जेवल्यालं आठवत नव्हतं त्यांना. मग हे बरं ध्यानात ऱ्हायलं? तुम्ही म्हणला व्हता का तसं?"

शेकानंतर नवं काही टिकणार नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. टिकलं ते हे एवढंच, आणि ते खोटं होतं.

"हो, वहिनी," मी म्हणाले. "रोज म्हणत होते."