मूळ कागद वाचनालयातच राहतील

मालगुजारी, म्हणजे गावची जमीनदारी, गेली आणि आमचा तलाव सरकारचा झाला. पण धानाच्या कोणत्या बांधीला कधी पाणी मिळायचं, हे सरकारला ठाऊक नव्हतं. ते फक्त जुन्या मालगुजाराचा दिवाणजी सांगायचा, आणि त्याच्या सांगण्यात तलावालगतच्या बांध्या नेहमी आधी यायच्या. आमची बांधी सगळ्यात खाली. धान पोटरीत आलं, कणीस धरायची वेळ झाली, की आमची बांधी कोरडी पडायची.

आमच्या घरातून नागपूरच्या कॉलेजात गेलेला मी पहिलाच. उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही तिघे मित्र तलावाखालच्या सगळ्या गावांत फिरलो. म्हाताऱ्यांना विचारून पाण्याचा जुना क्रम लिहिला आणि प्रत्येक पानावर वरच्या-खालच्या दोन्ही शेतकऱ्यांचे अंगठे घेतले. कागद सगळ्यांचे, म्हणून ते वाचनालयात ठेवले. वाचनालय म्हणजे एक कौलारू खोली. विटांवर पत्र्याची पेटी, आत कडुनिंबाचा पाला. कोणीही यावं, तिथेच बसून वाचावं.

थोड्याच दिवसांत मालकांनी बोलावलं. मालगुजारी गेली तरी आम्ही त्यांना मालकच म्हणत होतो.

"काम अच्छा केलं बेटा," ते म्हणाले. "पर कागद त्या खोलीत काऊन ठेवले? उधई खाऊन टाकंल. माझ्याकडे लोखंडी तिजोरी आहे, इथं आणून दे."

खोलीत उधई, म्हणजे वाळवी, होती, हे खरंच होतं.

"मालक, तुमाले नक्कल करून देतो," मी चाचरत म्हणालो. "एक नासली तर दुसरी राहील."

"नक्कल कायले? मले असली पाहिजे."

उधईचीच काळजी असती तर नक्कल त्यांना चालली असती. एवढं माझ्याही ध्यानात आलं.

"असली नाही देत."

"हॉस्टेलच्या अर्जावर कोनाची सही लागते, मालूम आहे ना?"

"मालूम आहे."

"मंग?"

"तरी नाही देत."

नमस्कार करून मी उठलो.

घरी बाबांना सांगितलं. ते दोर वळत होते. "तू एकटा नाही म्हनशील, पन तू तर नागपूरले जाशील, मंग कागद कोन सांभाळंल?" ते म्हणाले. "तुडूम उघडतो तसंच कर."

तुडूम म्हणजे तलावाचं पाणी सोडायचं तोंड. वरचा एक आणि खालचा एक, असे दोघं हजर असल्याशिवाय ते आमच्याकडे कोणी उघडत नाही. तोच कायदा आम्ही पेटीला लावला: दोन कुलपं, दोन किल्ल्या. खालची किल्ली बाबांकडे. वरची घ्यायला जो शेतकरी आला, त्याचं आणि बाबांचं पाण्यावरून जन्माचं भांडण.

"तुह्यावर माहा भरोसा नाही, म्हनून आलो," तो बाबांना म्हणाला.

"तुह्यावर तरी कोनाचा आहे? लाव कुलूप."

या कागदांनी त्याचं पाणी कमी होणार होतं. मी भीत भीत विचारलं, "काका, मग तुमी कायले आले?"

"आज मालकाची मर्जी माह्यावर आहे. उद्या फिरली तर मी काय दाखवू?"

मालकांची सही आली नाही. ते वर्ष मी नागपुरात एका मित्राच्या खोलीवर हातानं भात शिजवून काढलं. पाणी ठरवायला सरकारी ओव्हरसियर गावात आला, तेव्हा मी सुटी घेऊन आलो. दोन्ही किल्ल्या लागल्या. पानं वाचनालयाच्या दारातच सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचली गेली. ओव्हरसियरनं तोच क्रम लावला, आणि त्या हंगामात आमच्या बांधीत वेळेवर पाणी आलं.

मग सुटीत एक दिवस मी वाचनालयात बसलो असताना मालकांचा दिवाणजी आला. ओव्हरसियरनं लावलेल्या क्रमावर मालक आता अपील करणार होते.

"कागद दोन दिवस घेऊन जातो," तो म्हणाला.

"इथून कागद बाहेर जात नाही. दोन्ही किल्लीवाल्यांना बोलावतो, पेटी उघडू. इथं बसा आणि उतरवून घ्या."

"मालकाच्या मानसाले खाली बसवतो?"

"सगळेच खालीच बसतात."

त्यानं दारात चपला काढल्या आणि खाली बसला.

"शाई आहे का?"

"ती घरून आना," मी म्हणालो.