अदेरितोच्या गाडीची जागा

लुदोविना पाववाली हे सांगायला बसली की आधी स्वतःच खो खो हसते. म्हणते, "मला वाटलं बाई चढेल आहे! फ्रान्सचं वारं लागलंय, दुसरं काय!" मग ॲप्रनच्या टोकानं डोळे पुसते.

वाटणारच हो तिला. एप्रिलचे दिवस होते. लुदोविना रोज सकाळी आठच्या सुमारास पावाची व्हॅन घेऊन पोर्तुगालमधल्या उर्झेडा गावात शिरायची आणि चर्चच्या वळणावर दोनदा हॉर्न द्यायची, की बायका पिशव्या घेऊन दारात हजर. फेलिझ्मीना मात्र दारात नसायची. ती असायची घरासमोर उभ्या केलेल्या लांबलचक राखाडी गाडीत, ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर. अंगात काळा कोट, मांडीवर पर्स, पट्टासुद्धा बांधलेला. गाडी बंद, काचा वर, ड्रायव्हरच्या जागी कोणी नाही. आणि बाईसाहेब समोर अशा बघतायत, जशी गाडी हायवेला लागलीय!

नवऱ्याला मूठमाती देऊन महिनासुद्धा झाला नव्हता. पण लुदोविनाच्या जिभेला कुठलं हाड? तिनं चार दिवसांत पावाबरोबर घरोघरी वाटून टाकलं, "मॅडम शोफरची वाट बघतायत." पाचव्या दिवशी तर काचेवरच टकटक केली.

"काय मॅडम, निघालात फ्रान्सला? वाटेत खायला पाव लागेल की!"

दार बोटभर उघडलं. आतून आवाज आला, "काय ते पटकन बोल आणि दार लाव. वास जातो."

"कसला गं वास?"

"त्याचा."

लुदोविनाचा पाव चांगला परातीएवढा. बोटभर फटीतून तो आत जाणार कसा? तिनं तो बॉनेटवर ठेवला, पैसे मागितले नाहीत, व्हॅन घेऊन वळणापलीकडे गेली आणि तिथे थांबून स्वतःच्या थोबाडीत दोन मारून घेतल्या. दुसऱ्या दिवशी तिनं टकटक केली नाही. मागच्या दारानं सरळ फेलिझ्मीनाच्या स्वयंपाकघरात गेली आणि म्हणाली, "कॉफी टाक. माझं चुकलं."

तेव्हापासून रोजची कॉफी ठरली, आणि कॉफीबरोबर अदेरितोची कथा.

अदेरितो छत्तीस वर्षं फ्रान्समध्ये लोकांच्या न्हाणीघरांत फरश्या बसवत होता. दर ऑगस्टला दोघं गाडीनं गावी यायची. तो चालवायचा, ही शेजारी बसून ऑम्लेट घातलेला पाव त्याच्या तोंडात भरवायची. माणूस तसा गरीब गाय. पण गावात पाय ठेवला की एका गोष्टीवरून पेटायचा. ऑगस्टच्या पहिल्या रविवारी, प्रवाशांना सांभाळणाऱ्या संत क्रिस्तोफरची जत्रा. संताची मूर्ती ट्रॅक्टरवर बसते, मागोमाग गावच्या गाड्या हॉर्न वाजवत निघतात, पाद्री सगळ्यांवर तीर्थ शिंपडतो. पण रांगेचा नियम पक्का. पुढे गावच्या नंबरप्लेटा, मग बँड, आणि बँडच्या मागे, धुरळा खात, फ्रान्स-स्वित्झर्लंडच्या.

"चर्चच्या छपराला कौलं कोणी घातली?" अदेरितो दरवर्षी ओरडायचा.

"तू घातलीस, देव तुझं भलं करो," जत्रेचा प्रमुख झेफेरिनो दरवर्षी तितक्याच शांतपणे म्हणायचा. तो अदेरितोचा चुलतभाऊ. "पण नंबर फ्रान्सचा, जागा शेवटची."

अशी छत्तीस वर्षं. एकदा तर अदेरितो रुसून दिवसभर जेवला नाही. कॉड मासा आणि बटाटे तसेच झाकून ठेवले होते, फेलिझ्मीना सांगते, आणि मध्यरात्री उठून सगळे संपवले म्हाताऱ्यानं.

मागच्या ऑक्टोबरात दोघं कायमची परत आली. आल्या आल्या अदेरितोनं काय केलं असेल? घराचं दार नीट बसत नव्हतं ते नाही पाहिलं. गाडीला इथला नंबर मिळावा म्हणून शहरात अर्ज टाकला. परत येणाऱ्या माणसाला स्वतःची गाडी आणायला करात सवलत असते, पण कागद शंभर. एक कागद आला की दुसरा मागायचे. मार्चमध्ये शेवटचा कागद मिळाला. त्याच आठवड्यात, द्राक्षाच्या वेली छाटताना, तो कात्री हातात धरून खाली बसला आणि पुन्हा उठला नाही.

"आता मला एवढंच हवंय," फेलिझ्मीना म्हणाली. "ह्या ऑगस्टला त्याची गाडी बँडच्या पुढे जायला हवी. एकदा. मग भंगारात गेली तरी चालेल."

"तुला चालवता येते?"

"नाही."

"मग?"

फेलिझ्मीनानं नुसतं तिच्याकडे बघितलं. लुदोविनानं कप खाली ठेवला.

आधी दोघी लुदोविनाच्या व्हॅनमधून, पावाच्या टोपल्यांसकट, शहरातल्या कचेरीत गेल्या. खिडकीपलीकडची मुलगी चांगली होती. तिनं फाइल दोनदा चाळली.

"आजी, अर्ज त्यांचा होता. सवलत त्यांना होती. ते आता…"

"गेला तो."

"मग सवलतही गेली. गाडी वारस म्हणून तुमच्या नावावर होईल, पण पूर्ण कर भरून."

फाइलमध्ये अदेरितोनं स्वतःच्या हातानं लिहिलेली सामानाची यादी होती. शिलाई मशीन एक, बायकोचं. पातेली सात. फरशी कापायचं यंत्र एक. गाद्या दोन. शेवटी, गाडी एक, राखाडी. आणि खाली रकाना होता, देशात मुक्काम किती काळ? तिथे त्यानं लिहिलं होतं, 'कायमचा', आणि खाली दोन रेघा ओढल्या होत्या. मुलीनं ते वाचलं आणि पेन खाली ठेवलं.

"खोटं नाही लिहिलं त्यानं," फेलिझ्मीना म्हणाली. "कुठे भरायचे पैसे?"

पैसे होते. पण ते थडग्याच्या दगडाचे होते. काळा ग्रॅनाइट, वर अंडाकृती फोटो, बाजूला कोरलेली द्राक्षं. आमच्याकडे नोव्हेंबरात मृतांच्या दिवशी सगळं गाव कबरस्तानात जमतं आणि कोणाच्या माणसावर कसला दगड आहे हे मेणबत्ती लावता लावता तिरक्या नजरेनं बघून घेतं. अदेरितोवर अजून मातीचा ढीग आणि लाकडी क्रूस होता.

ही बातमी काही लुदोविनानं फोडली नाही. शपथेवर सांगते ती. तरी फुटली. झेफेरिनो फेलिझ्मीनाच्या दारात येऊन उभा राहिला.

"वहिनी, नवऱ्याच्या छातीवर नुसती माती, आणि गाडीला नवा नंबर? लोक तोंडात शेण घालतील."

"माती त्याच्या ओळखीची आहे," फेलिझ्मीना म्हणाली. "दगड घालीन पुढच्या वर्षी. तो कुठे जातोय आता?"

कर भरला. आता उरली होती गाडीची तपासणी. त्यासाठी मात्र गाडीच न्यायला हवी होती.

जुलैतल्या एका मंगळवारी लुदोविनानं सकाळी अर्ध्या गावाला पाव दिला आणि अर्ध्याला उपाशी ठेवलं. गाडीचं दार उघडलं तर ड्रायव्हरची सीट पार मागे सरकवलेली. अदेरितो होता खांबासारखा उंच, आणि लुदोविना? तिला पिंपातून पीठ काढायला स्टूल लागतं. तिनं सीटच्या खालच्या दांडीला हात घातला.

"हात लावू नकोस!"

"अगं बाई, माझे पाय पोचायचे कुठे?"

फेलिझ्मीना घरात गेली आणि सोफ्याच्या दोन उशा घेऊन आली. दोन्ही लुदोविनाच्या पाठीमागे. आरशालाही हात लावायचा नाही! त्या आरशात लुदोविनाला फक्त गाडीचं छप्पर दिसत होतं. मागून काय येतंय ते फेलिझ्मीना मान वळवून सांगायची. "ट्रक. लांब आहे. आता जवळ आला. आता चिडलाय."

चाळीस किलोमीटर काचा बंद. जुलैचं ऊन. लुदोविना घामानं निथळली, पण तिलाही येत होता तो वास. तंबाखू, सिमेंट आणि बडीशेपेच्या गोळ्या. तीन तास भट्टीपुढे उभं राहून आलेल्या बाईला त्या वासापुढे काच उघड म्हणवेना.

तपासणीच्या शेडमध्ये आलेला माणूस पाहून फेलिझ्मीनानं छातीवर क्रूस केला. अदेरितोपेक्षाही बोटभर उंच निघाला! उशा बाजूला ठेवून तो बसला, सीट हलवली नाही, आरसा हलवला नाही. दोघी काचेआड बाकावर बसल्या. लुदोविना तिच्या कानाला लागली, "बघ, देवानं मापाचा पाठवला."

दिवे झाले, ब्रेक झाले. मग त्यानं एक बटण दाबलं, आणि चारही काचा खाली गेल्या. चारही दारं उघडली, डिकी उघडली, बॉनेट उघडलं. शेडच्या एका टोकाला भलामोठा पंखा फिरत होता.

फेलिझ्मीना उठून उभी राहिली. तोंड उघडलं तिनं. पण सांगणार काय? साहेब, काचा वर करा, आत माझा नवरा आहे?

ती पुन्हा बसली आणि पर्सचा बंद बोटाला गुंडाळत राहिली, बोट पांढरं होईपर्यंत.

गाडी पास झाली. शेजारच्या दुकानात दहा मिनिटांत नंबरप्लेटा छापून मिळाल्या, पोर्तुगालच्या, कोऱ्या करकरीत. दुकानदारानं रिव्हेट मारून त्या बसवल्या आणि फ्रान्सच्या जुन्या प्लेटा वर्तमानपत्रात गुंडाळून दिल्या. परत निघताना फेलिझ्मीना आपल्या जागेवर बसली, दार लावलं, डोळे मिटले, नाकानं लांब श्वास घेतला. मग दुसरा घेतला.

"काय गं?" लुदोविनानं विचारलं.

"पावाचा येतोय," ती म्हणाली. "तुझा."

लुदोविना म्हणते, त्या दिवशी मला माझ्या अंगाची लाज वाटली. वीस वर्षं भट्टीवर काढली, कधी वाटली नव्हती. चाळीस किलोमीटर काचा उघड्याच होत्या. आता बंद कशासाठी करायच्या? घर आल्यावर फेलिझ्मीना उतरली आणि म्हणाली, "आता नुसती गाडी आहे." दुसऱ्या दिवशी सकाळी आठला ती पिशवी घेऊन दारात उभी होती, इतर बायकांसारखी. लुदोविनाला ते बघवलं नाही.

जत्रेच्या रविवारी राखाडी गाडी धुऊनपुसून चर्चपाशी आली. लुदोविना दोन उशा पाठीशी घेऊन, फेलिझ्मीना शेजारी, मांडीवर पर्स. पावाची व्हॅन यंदा घरीच राहिली, तीर्थाशिवाय. संताच्या ट्रॅक्टरमागे पहिली जागा झेफेरिनोच्या निळ्या गाडीची. प्रमुखाचा मान. लुदोविनानं गाडी थेट त्या निळ्या गाडीच्या नाकापुढे घातली.

झेफेरिनो धावत आला. "वहिनी! नंबर आला, मान्य. बँडच्या पुढे उभी करा, कोणी अडवलंय? पण नवी गाडी गावच्यांच्या शेवटी. तशी पद्धत आहे."

"कधीपासून?"

"आत्तापा… पहिल्यापासून. आणि ही जन्मानं फ्रान्सचीच ना शेवटी?"

फेलिझ्मीनानं काच खाली केली. पूर्ण खाली.

"झेफेरिनो, तुझी निळी कुठली रे?"

"माझी? इथलीच."

"जर्मनीतून सेकंडहँड आणलीस. पाच वर्षं झाली. सगळ्या गावानं ट्रकवरून उतरताना बघितली."

बँडवाले वाजवायचे थांबले. ट्रॉम्बोनवाला हसला.

"नंबर लागला की गावची झाली," झेफेरिनो म्हणाला आणि तिथेच त्याची जीभ चावली गेली.

"लागलाय," फेलिझ्मीना म्हणाली. "आणि तुझी आली तेव्हा आत एक माणूस नव्हता. माझी आली तेव्हा आत ह्या गावचा माणूस होता. ह्या दोघींतली गावची कुठली ते तूच सांग. मोठ्यानं सांग, त्याला ऐकू जाऊ दे."

कबरस्तान चर्चला लागूनच आहे. झेफेरिनोनं तिकडे बघितलं नाही. टोपी काढली, पुन्हा घातली, खिशातून किल्ली काढली आणि आपल्या निळ्या गाडीत जाऊन बसला. गाडी हातभर मागे गेली.

फेलिझ्मीनानं खिडकीतून हात बाहेर काढला.

"अजून मागे घे," ती म्हणाली. "धूर येतोय."

त्यानं घेतली.